परतणाऱ्या जवानाची गोधडी

लष्करी छावणीच्या गावातील शाखेत काम करणाऱ्याला नोव्हेंबर महिना दिनदर्शिका न पाहताही कळतो. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचा तो महिना. अलीकडे हा दाखला मोबाइलवरूनही देता येतो; तरीही अंबाला छावणीतील आमच्या शाखेत त्या दिवसांत सकाळपासून ताठ कण्याच्या वृद्धांची रांग लागते. २०२३ च्या नोव्हेंबरात अशाच रांगेतील एका निवृत्त सुभेदारसाहेबांशी बोलता बोलता मी सहज म्हणाले, “माझा थोरला भाऊही सव्वा वर्षाने निवृत्त होतो आहे.” कागदावर सही करता करता त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, “मॅडम, पेन्शन पहिल्या महिन्यापासून सुरू होते. घर सुरू व्हायला मात्र वेळ लागतो.”

नंतर त्यांनीच उलगडून सांगितले. वर्षानुवर्षे पहाटे चारला उठलेला माणूस घरी आल्यावरही चारलाच उठतो. पण घर झोपलेले असते. मुले मोठी झालेली असतात. कोणती वस्तू कुठे ठेवायची याची घराची स्वतःची शिस्त बसलेली असते आणि त्या शिस्तीत आपली जागा नेमकी कुठे, हे परतलेल्याला चटकन उमगत नाही. “सगळे मान देतात,” ते म्हणाले, “पण मान तर पाहुण्यालाही देतात.”

त्या वाक्याने मी अस्वस्थ झाले. माझा दादा जानेवारी २००१ मध्ये सैन्यात भरती झाला, तेव्हा मी बारा वर्षांची होते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण झाले आणि पुढची चोवीस वर्षे तो आमच्याकडे रजेपुरता येत राहिला. ३१ जानेवारी २०२५ रोजी हवालदार पदावरून तो निवृत्त होणार होता. वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी आणि बँकेतील नोकरी या दोन्हींच्या बळावर मी त्याच्यासाठी एक तक्ता तयार करून ठेवला होता : उपदान किती, निवृत्तिवेतनाचा किती भाग अंशराशीकृत करायचा, साठलेल्या रजेचे किती, मुदत ठेवीत किती आणि हाताशी किती. तक्ता बिनचूक होता. परंतु सुभेदारसाहेब जे बोलले, त्यासाठी त्यात एकही रकाना नव्हता.

तेव्हा मनात आले, दादासाठी गोधडी शिवावी.

सुईदोऱ्याचा सैनिकी इतिहास

आमच्या सातारा भागात गोधडीला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे, सदरे यांचे थर एकावर एक अंथरायचे आणि धावदोऱ्याने एकजीव करायचे, ही आपली साधी परंपरा. ती एकट्या महाराष्ट्राची नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातील कौदी, कारवारकडील सिद्दी स्त्रियांचे कवंद ही सारी एकाच कुळातील भावंडे. विरलेले कापड फेकायचे नाही, त्याला दुसऱ्या कापडाचा आधार द्यायचा, हे या सगळ्यांमागचे सूत्र.

मात्र जवानासाठी मुद्दाम गोधडी शिवण्याची प्रथा आपल्याकडे कुठे आढळली नाही, म्हणून मी थोडे वाचन केले. तेव्हा समजले, की रजई आणि रणभूमी यांचे नाते बरेच जुने आहे. क्रिमियाच्या युद्धात इंकरमनच्या लढाईत जखमी झालेला टॉमस वॉकर नावाचा एक ब्रिटिश शिपाई रुग्णालयातील खाटेवर बसून गणवेशाच्या कापडाचे तुकडे जोडत रजई शिवतो आहे, असे टॉमस वुड या चित्रकाराने १८५६ मध्ये रंगवलेले चित्र प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैनिकांनी आणि पलटणींच्या शिंप्यांनी जाड लोकरी गणवेशाच्या तुकड्यांतून अशा अनेक रजया शिवल्या. त्यांतील कित्येक भारतातील छावण्यांत तयार झाल्या. म्हणजे सुई ही काही केवळ माजघरातील वस्तू नव्हे.

दुसरी हकीकत सिंगापूरची. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडल्यावर चांगीच्या तुरुंगात शेकडो स्त्रिया आणि मुले स्थानबद्ध झाली. त्यांचे पती वेगळ्या ठिकाणी कैदेत होते. कोण जिवंत आहे आणि कोण नाही, याचा कोणालाच पत्ता नव्हता. एथेल मुलव्हनी या कॅनेडियन महिलेच्या कल्पनेतून या स्त्रियांनी कापडाच्या छोट्या चौकोनांवर आपापली नावे आणि मनातले काही भरले आणि प्रत्येकी सहासष्ट चौकोनांच्या तीन रजया तयार केल्या. त्या जखमींसाठी म्हणून लष्करी रुग्णालयाकडे धाडण्यात आल्या. त्यामागचा हेतू मात्र असा, की चौकोनावरचे नाव वाचून कुणाला तरी आपली पत्नी हयात असल्याचे कळावे. हयातीचा दाखला असाही असू शकतो! त्यांतील दोन रजया आज कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये जतन केलेल्या आहेत.

आणि अगदी आपल्या काळातील उदाहरण अमेरिकेचे. २००३ मध्ये डेलावेअर राज्यातील कॅथरिन रॉबर्ट्स यांचा मुलगा इराकमध्ये तैनात होता. त्याच्या काळजीतून त्यांनी युद्धावरून परतणाऱ्यांना रजई देण्याचा उपक्रम सुरू केला. ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ या नावाने तो देशभर पसरला आणि आजवर तीन लाखांहून अधिक रजया दिल्या गेल्या. या रजयांवर तारे असतात, पट्टे असतात, लाल-पांढरा-निळा हा त्यांच्या ध्वजाचा रंगमेळ असतो.

ती छायाचित्रे पाहून माझ्या डोळ्यांपुढे दादाची गोधडी उभी राहिली : किनारीला तिरंगी पट्टी, मध्ये छद्मरंगी लष्करी कापड, कोपऱ्यांत बिगुल आणि तलवारी.

तिरंगा कोणाला आणि गोधडी कोणाला

ही कल्पना आईला फोनवर सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, चोवीस वर्षं वर्दी अंगावर हुतीच की त्याच्या. घरी आल्यावर बी तीच पांघरायची का त्यानं?”

मला तिचे म्हणणे तेव्हा पटले नाही. मात्र कापड आणण्यापूर्वी नियम पाहून घ्यावेत, ही बँकेने लावलेली सवय उपयोगी पडली. भारतीय ध्वज संहिता, २००२ आणि राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ यांनुसार राष्ट्रध्वज उशांवर, रुमालांवर किंवा तत्सम वस्तूंवर भरता वा छापता येत नाही. कोणत्याही वस्तूवर आच्छादन म्हणूनही तो वापरता येत नाही. अमेरिकेत जे कौतुकाने करतात, ते आपल्याकडे अवमान ठरू शकते. तिरंगी पट्टी तिथेच बाद झाली.

छद्मरंगी कापडाचेही तसेच. लष्कराचा नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी प्रथम दिसला आणि त्याच वर्षी त्याच्या नक्षीची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणीही झाली. ती नक्षी बाजारात परस्पर विणणे-विकणे बेकायदेशीर आहे. मिळते म्हणून विकत घ्यावे, असे हे कापड नव्हे.

पण ध्वज संहिता वाचताना माझी नजर एका अपवादावर खिळली. आच्छादन म्हणून तिरंगा वापरण्याची मुभा एकाच प्रसंगी आहे : शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाने होणाऱ्या अंत्यसंस्काराच्या वेळी.

मी तो नियम पुन्हा वाचला. चोवीस वर्षे आमच्या आईने दाराकडे पाहत ज्या एका गोष्टीची धास्ती बाळगली, ती या ओळीत कायद्याच्या कोरड्या भाषेत लिहिलेली होती. तिरंगा पांघरून येणे हा सर्वोच्च सन्मान. पण तो परत न आलेल्याचा. जो स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडतो, त्याच्यासाठी देशाने वस्त्र ठरवून दिलेले नाही. ते घराने द्यायचे असते. आई काय म्हणत होती, ते मला तेव्हा कळले.

चोवीस चौकोन

मे २०२४ मध्ये रजा काढून गावी गेले. आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. दादाने प्रत्येक ठिकाणाहून काही ना काही कापड आणले होते आणि आईने त्यातले बरेचसे वापरून, विरवून, धुऊन जपले होते. बेळगावच्या पहिल्या रजेत आणलेले शहापुरी लुगडे. फिरोजपूरची फुलकारी. जोधपूरची लहरिया ओढणी. लखनौचा चिकनचा कुर्ता. आसामचा पांढरा गामोसा, ज्याच्या टोकांना लाल विणकाम असते.

चोवीस वर्षांचे चोवीस चौकोन करावेत, असे मी ठरवले. पण मोजल्यावर त्याच्या मुलखांचे कापड जेमतेम बारा चौकोनांना पुरले. उरलेल्या बारांचे काय? तेव्हा आईनेच पेटीच्या तळातून दुसरे गाठोडे काढले. त्यात माझ्या शाळेच्या गणवेशाचा निळा स्कर्ट होता. भाचीच्या बारशाचे दुपटे होते. ती जन्मली २००८ मध्ये आणि दादाने तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती पाच महिन्यांची झाली होती. २०१२ मध्ये बँकेच्या मुलाखतीला मी नेसले ती आईची साडी होती. २०२० च्या टाळेबंदीत आईने सगळ्या आळीसाठी मुखपट्ट्या शिवल्या, त्यातले उरलेले फुलाफुलांचे कापड होते. थोडक्यात, एका गाठोड्यात दादा जिथे होता ते गाव, आणि दुसऱ्यात तो जिथे नव्हता ते घर.

मी हिशेबी माणूस. मला ती मांडणी फार आवडली. बुद्धिबळाच्या पटासारखे एक घर मुलखाचे, एक घर घरचे, अशी मी आखणीही केली. वहिनी दारात उभी राहून पाहत होती. ती एकदम म्हणाली, “वन्सं, राग मानू नका. पण त्यांनी काय काय चुकवलं, त्याचा हिशेब त्यांना रोज रात्री पांघरायला देणार का तुम्ही?”

कोणी काहीच बोलले नाही. ज्या दिवसांचे ते तुकडे होते, ते सगळे दिवस वहिनीने एकटीने निभावले होते. तिला बोलण्याचा अधिकार आमच्यापेक्षा अधिक होता. मी तुकडे आवरू लागले.

आई दुपटे हातात घेऊन बसली होती. ती वहिनीला म्हणाली, “बाई गं, तो नव्हता म्हणून ते दिवस त्याचे न्हाईत का? तू त्याच्या वाटचं जपून ठिवलंस. आता देऊन टाक त्याला.”

वहिनी आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात फिक्या गुलाबी रंगाची सुती साडी होती. भाचीला घेऊन रुग्णालयातून घरी येताना ती नेसलेली. “ही पण घाला,” एवढेच ती म्हणाली. बारापैकी एक तुकडा बाजूला ठेवून आम्ही ती घेतली.

वर्दीबाबत आईने एक सवलत दिली. दादाच्या जुन्या, विटलेल्या हिरव्या सदऱ्याचा एक चौकोन शेवटच्या वर्षासाठी ठेवला. त्यावरची नावाची पट्टी आणि फिती आधीच उसवून दादाच्या पेटीत ठेवल्या. किनार मात्र लाल-हिरवी केली. मराठा पलटणीच्या टोपीवरील तुऱ्याचे ते रंग. ज्याला ठाऊक आहे त्याला ओळखू येतील, इतरांना साधी किनारच वाटेल.

अडचण आली ती लडाखची. तिथून दादाने आणलेली लोकरी टोपी गोधडीत बसेना. शेवटी सोळा वर्षांच्या भाचीने पांढऱ्या कापडाच्या चौकोनावर पांढऱ्याच दोऱ्याने डोंगर भरले. लांबून पाहिले तर कोरे कापड. हात फिरवला की कडे लागतात. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात साखळी टाक्याने वर्षाचा आकडाही तिनेच भरला.

आबांचे धोतर

लडाखच्या त्या पांढऱ्या चौकोनाशेजारचे घर २०१४ चे. त्या वर्षीच्या जानेवारीत आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, हृदयविकाराने गेले. दादा तेव्हा लडाखमध्ये होता. हिवाळ्यात झोजिला खिंड बंद असते आणि खराब हवेमुळे विमानही उडत नव्हते. तो घरी पोहोचला सहाव्या दिवशी. अग्नी चुलतभावाने दिला होता, राखही सावडून झाली होती. दादा अंगणात पाठपिशवी उतरवून बराच वेळ उभा होता. दहावा-तेरावा त्याने केला, सगळ्यांशी बोलला आणि रजा संपल्यावर परत गेला. त्यानंतर आजतागायत त्या सहा दिवसांविषयी त्याने घरात अवाक्षर काढले नव्हते.

आबांचे कपडे रीतीप्रमाणे देऊन टाकले होते. दोन धोतरे मात्र आईने मागे ठेवली होती, हे मला त्या मे महिन्यात कळले. एकाच्या टोकाला तपकिरीचा डाग होता. कितीदा धुतले तरी तो गेला नव्हता. मी म्हटले, “२०१४ च्या चौकोनाला यातला तुकडा घेऊ या.” आईने मान हलवली. “तुकडा नगं. ही अख्खी खाली लावायची. वाकळंचं अस्तर मऊ लागतं. अंगाला लागंल ते वडलांचं असू दे.”

२०१४ च्या चौकोनाला आम्ही आबांच्या उपरण्याचा काठ लावला आणि दोन्ही धोतरे जोडून अस्तर केले.

पंचावन्न हजार टाके

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली आणि शिवण सुरू झाली. माझी रजा आठ दिवसांची. पुढचे काम आई, वहिनी आणि आळीतल्या दोघी मावश्या यांनी दुपारच्या दोन-दोन तासांत तीन आठवडे बसून पूर्ण केले. सुई कडेने निघते, गोधडीला फेरी घालत घालत आत सरकते आणि शेवटी मध्यावर येऊन थांबते. चौघी चार बाजूंना बसतात, म्हणून गोधडीला गप्पांचीही शिवण पडते असे म्हणायला हरकत नाही.

बासष्ट इंच रुंद आणि नव्वद इंच लांब गोधडी, दोन ओळींत अर्ध्या इंचाचे अंतर. मी कागदावर हिशेब केला : शिवणीची एकूण लांबी सुमारे २८३ मीटर, म्हणजे पाव किलोमीटरहून अधिक, एका इंचाला पाच टाके धरले तर पंचावन्न हजारांहून जास्त टाके. मोठ्या कौतुकाने आईला आकडा सांगितला. ती म्हणाली, “टाकं मोजत बसलीस तर वाकळ कवा व्हायची?”

मध्यावरची शेवटची फेरी मिटवण्याआधी आईने आत ज्वारीचे चार दाणे ठेवले. वाकळ उपाशी ठेवू नये, ही आमच्या घरची रीत.

करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी

आपल्या ग्राहकांत आणि सहकाऱ्यांत सैनिकांची कुटुंबे पुष्कळ आहेत. कुणाला अशी गोधडी करावीशी वाटली, तर आमच्या अनुभवातील काही गोष्टी उपयोगी पडतील.

कापड सुतीच घ्यावे आणि शक्यतो वापरलेले. नवे कापड मिसळायचेच असेल, तर आधी भिजवून आटवून घ्यावे. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आक्रसते आणि गोधडीला चुण्या पडतात. लाल आणि गडद रंगांचे तुकडे वेगळे भिजवून रंग सुटतो का ते पाहावे. चौकोन पंधरा इंचांचा कापला, की चारही बाजूंची अर्धा इंच दुमड जाऊन चौदा इंच उरतो. आडवे चार आणि उभे सहा चौकोन, भोवती तीन इंचांची किनार, म्हणजे एका माणसाला पुरेशी गोधडी होते. मधल्या दोन थरांना एक नऊवारी लुगडे पुरते. वरचा आणि खालचा थर धरून एकंदर चार थर झाले. त्याहून जास्त केले तर सुई चालत नाही आणि बोटे सोलतात. अंगुस्तान वापरावे. थर अंथरल्यावर कडांना दगड ठेवून कापड ताणून घ्यावे आणि आधी मोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधून मगच धावदोरा घालावा.

राष्ट्रध्वज वा त्याचे रंगचित्र गोधडीवर घेऊ नये. पदके, फिती, हुद्द्याची चिन्हे शिवून टाकू नयेत. ती ज्याने मिळवली, त्याच्या स्वाधीन करावीत. दुसऱ्या प्रांतातील मानाचे वस्त्र वापरायचे असेल, तर त्याचा मान जाणून घ्यावा. आसामात गामोसा आदराने गळ्यात घालतात. म्हणून आम्ही तो कापला नाही, घडी घालून अखंड बसवला.

आणि शेवटची, वहिनीने शिकवलेली गोष्ट : गोधडीत काय घालायचे हे ठरवताना, ज्यांनी घर सांभाळले त्यांना आधी विचारावे.

परतल्यावर

१ फेब्रुवारी २०२५ ला दादा गावात आला. वेशीपासून हलगी-लेझीमच्या गजरात मिरवणूक निघाली, शाळेच्या मुलांनी फुले उधळली, सरपंचांनी शाल-श्रीफळ दिले. आईने उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. रात्री मंडळी पांगल्यावर भाचीने गोधडी आणून त्याच्यासमोर उलगडली. तो एकेका चौकोनावर बोट ठेवत गेला. फुलकारीपाशी हसला. दुपट्यापाशी थांबला, मुलीकडे पाहिले. पांढऱ्या चौकोनावर हात फिरवला आणि त्याला कडे लागले. “छान झालीय,” म्हणाला, आणि गोधडीची घडी घातली : चारही कडा काटेकोर जुळवून, बराकीत घालतात तशी.

ती घडी तशीच पायथ्याशी राहिली. पहिली रात्र, दुसरी, तिसरी. दादा आपल्या लष्करी कांबळ्यात झोपे आणि पहाटे चारला अंगणात येरझाऱ्या घालताना दिसे. सुभेदारसाहेबांचे शब्द मला आठवत होते. मी खट्टू झाले; आई मात्र काही बोलली नाही. माझी रजा संपली आणि मी अंबाल्याला परतले.

पुढचे वहिनीने फोनवर सांगितले. फेब्रुवारीच्या मध्यावर एके दुपारी आईने वाकळ उन्हात घातली होती. संध्याकाळी दादा ती दोरीवरून काढायला गेला. वाकळ उलटी वाळत टाकलेली, अस्तर वर होते. बराच वेळ तो आत येईना म्हणून वहिनीने डोकावून पाहिले. तपकिरीच्या डागावर अंगठा ठेवून तो उभा होता. मग आत आला आणि आईजवळ बसला. “आबांचं धोतर आहे ना हे?” आई हो म्हणाली. मग तो त्या सहा दिवसांविषयी बोलला. खिंडीत अडकलेल्या गाड्या, रोज सकाळी विमानतळावर जाऊन परत येणे, सोबत्यांनी त्याच्या वाटचे जेवण झाकून ठेवणे. अकरा वर्षे मनात राहिलेले आईसमोर बसून सांगितले. आई ऐकत होती, वहिनी दाराशी उभी होती.

“आणि आत्या,” भाचीने मध्येच फोन घेतला, “दुसऱ्या दिवशी पप्पा साडेसहापर्यंत झोपले होते! आजी म्हणाली, कुणी उठवू नका.”

दादा आता गावातल्या सोसायटीच्या कामात लक्ष घालतो, भाचीला स्कूटी शिकवतो आणि माझ्या तक्त्यातील मुदत ठेवीच्या व्याजदरावरून माझ्याशी वादही घालतो. तक्ताही कामी आला, हे एक अधिकारी म्हणून मला नमूद केलेच पाहिजे. निवृत्तीच्या रकमेचे नियोजन वेळेवर झालेच पाहिजे आणि त्यासाठी आमच्यासारखे कर्मचारी प्रत्येक शाखेत बसलेले आहेत.

या नोव्हेंबरात रांगेतील कुणी नव्याने निवृत्त झालेला जवान समोर येईल, तेव्हा मी त्याची कागदपत्रे पाहीन, सही घेईन. मग एक प्रश्न फॉर्मबाहेरचा विचारीन : “झोप लागते का घरी?”